जागेच्या शोधातला सिनेमा

जुना मराठी सिनेमा सलग पाहायला घेतला की एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते. त्यातली माणसं प्रेमात पडतात, गाणी म्हणतात, देवाशी भांडतात, निवडणुका लढवतात. पण बहुतेकांचा जीव अडकलेला असतो तो घरात. कुणाला राहायला खोली हवी असते, कुणाला नवऱ्याच्या घरात मान हवा असतो, कुणाला त्याच घराचा उंबरा ओलांडून बाहेर पडायचं असतं. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी माणसाला हे लगेच जाणवतं. गिरगाव, परळ, दादरच्या चाळी सोडून मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीला आलेल्या आपल्या घराण्यांची गोष्टसुद्धा जागेचीच गोष्ट आहे.

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात एक रिवाज पडला आहे. आठवड्याला एक जुना चित्रपट ठरवायचा, ज्याने त्याने आपापल्या घरी पाहायचा आणि रविवारी दुपारी जेवणं आटोपली की फोनवर सगळ्यांनी एकत्र बोलायचं. मी मुलुंडला, धाकटी बहीण बोरिवलीला, मामा घाटकोपरला आणि बहिणीची मुलगी अंधेरीला. ती संकलनाचं काम करते, त्यामुळे आम्ही गोष्ट पाहतो तेव्हा ती जोड पाहत असते. मामांनी यातले बरेच सिनेमे थिएटरात पाहिले आहेत. त्यांच्या मताला त्या वेळच्या शिट्ट्यांचा आणि रडण्याचा आधार असतो. आमच्यात एकमत क्वचितच होतं. त्या बोलण्यातून आणि माझ्या स्वतःच्या पाहण्यातून हा आढावा तयार झाला. मराठी चित्रपटाचा इतिहास लिहिण्याचा यात इरादा नाही. घरी बसून आज हे सिनेमे कसे दिसतात, कोणते टिकले आणि कोणते नाही, एवढंच सांगायचं आहे.

घरी सिनेमा पाहणं उपनगरांना नवं नाही. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी आणि नंतर शनिवारी मराठी, रविवारी हिंदी चित्रपट हा आठवड्याचा नेमच झाला. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्याकडे अख्खा मजला जमायचा. त्याच्याही आधीपासून गणेशोत्सवात गल्लीत पडदा बांधून सिनेमा दाखवायची पद्धत होती. पडद्याच्या दोन्ही बाजूंना लोक बसायचे; मागच्या बाजूला बसलेल्यांना श्रेयनामावली उलटी दिसायची, पण गोष्ट सगळी कळायची. थिएटरं होतीच: बोरिवलीचं जया, मुलुंडचं मेहुल, घाटकोपरचं ओडियन, अंधेरीचं नवरंग. मराठी सिनेमासाठी मात्र मुद्दाम दादरला प्लाझात किंवा लालबागला भारतमाताला जाण्याची ओढ होती. आता झी टॉकीजसारख्या वाहिन्यांवर आणि यूट्यूबवर प्रभात फिल्म कंपनीपासून लक्ष्मीकांत बेर्डेंपर्यंत पुष्कळ काही मिळतं. मिळतं म्हणूनच निवडून, नीट आणि पूर्ण पाहायला हवं.

सुरुवात आम्ही ‘संत तुकाराम’पासून केली. १९३६ चा प्रभातचा चित्रपट, दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. गिरगावात सेंट्रलला तो ५७ आठवडे चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत गणला गेला. ही कीर्ती माहीत असली की माणूस थोडा धास्तावून पाहायला बसतो. पण पहिल्या काही मिनिटांतच धास्ती जाते, याचं श्रेय गौरी या नटीला. प्रभातमध्ये साध्या कामगार म्हणून आलेल्या या बाईंनी तुकारामांची बायको आवली अशी उभी केली आहे की विष्णुपंत पागनीसांचा शांत, तल्लीन तुकाराम तिच्यामुळेच खरा वाटतो. घरात दाणा नाही, पोरं भुकेली, नवरा अभंगात दंग, आणि ही बाई देवाला खडसावते. तिच्या बोलण्यात भक्तीचा लवलेश नाही. आहे तो संसाराचा हिशेब. शेवटी वैकुंठाला जायची वेळ येते तेव्हाही ती आपलं घर सोडून निघत नाही. मामांच्या मते चित्रपटाचा आत्मा पागनीसांच्या डोळ्यांत आहे. माझ्या मते तो आवलीच्या चुलीपाशी आहे, आणि ही गोष्ट दामले-फत्तेलालांना पक्की ठाऊक होती. यातली एक रचना पुष्कळांना तुकोबांचा अभंगच वाटते. ती शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिली होती. तीनशे वर्षांपूर्वीची भाषा इतकी आत्मसात करून लिहिणारे गीतकार तेव्हा पगारावर काम करत होते, याचा विचार केला की प्रभात काय चीज होती ते समजतं.

‘कुंकू’ (१९३७) मात्र आमच्याकडे तीन रविवार पुरला. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा व्ही. शांतारामबापूंचा चित्रपट. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्या घरात राहते, पण त्याची बायको व्हायला ठाम नकार देते. शांता आपट्यांची नीरा ओरडत नाही, हात जोडत नाही. ती उभी राहते आणि बघते. केशवराव दात्यांचे काकासाहेब तिच्यासमोर हळूहळू आतून ढासळत जातात. हा माणूस खलनायक नाही, ही या चित्रपटाची ताकद. आपण केलं ते पाप आहे हे त्याला उमगतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

इथे एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. ‘कुंकू’ला पार्श्वसंगीतच नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं आणि रस्त्यावरचं. गाण्यांनासुद्धा घरातल्या वस्तूंचा, ग्रामोफोनचा आधार. भिंतीवरचं जुनं घड्याळ टिकटिकत राहतं आणि काकासाहेबांचं वय त्या टिकटिकीतून प्रेक्षकाला मोजून दाखवलं जातं. मी दुपारी पंखा बंद करून, खिडक्या लावून तो पुन्हा पाहिला. आजच्या मालिकांत प्रत्येक वाक्यामागे वाद्यमेळ वाजत असतो. त्याची सवय झालेल्या कानांना ही शांतता पहिली दहा मिनिटं बोचते, आणि मग तीच घट्ट धरून ठेवते. भाचीने फोनवर एवढंच म्हटलं, “मावशी, आज हे करायची कुणाची छाती नाही.” काकासाहेबांच्या समाजसेविका मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं आहे. प्रत्यक्ष आयुष्यात संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या, सई परांजप्यांच्या आई. म्हणजे सुधारणेचं बोलणं पडद्यावर येतं तेव्हा ते बोलणारी बाई खरी सुधारक आहे. असा योग भारतीय सिनेमात फारसा आलेला नाही. माझ्या लेखी प्रभातचा सर्वश्रेष्ठ चित्रपट हाच; ‘तुकाराम’ दुसरा.

‘शेजारी’ (१९४१) मला जितका मोठा वाटला तितका आमच्यात कुणालाच वाटला नाही. जिवबा पाटील आणि मिर्झा, दोन म्हातारे जिवलग शेजारी. धरण बांधणाऱ्या कंत्राटदाराला जमीन हवी म्हणून गावात फूट पडते, आणि शेवटी फुटत्या धरणावर दोघे एकत्र मरतात. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार. बहिणीला तो उपदेशाचा वाटला. “ताई, सगळं आधीच कळतं की,” ती म्हणाली. कळतं, हे खरं. पण फाळणीला सहा वर्षं उरली असताना, जमिनीच्या व्यवहारातून शेजारधर्म कसा तुटतो हे इतकं स्वच्छ सांगणारा चित्रपट पुण्यात तयार होत होता, याचं मोल कथेच्या अपेक्षितपणानं कमी होत नाही. बांधकामासाठी जमीन हवी असणारा माणूस दोन घरांत भांडण लावतो, हे उपनगरांत पुनर्विकासाच्या सभांना बसलेल्या माणसाला नवं सांगायला नको.

पन्नासच्या दशकाबद्दल थोडक्यात. ‘श्यामची आई’ (१९५३) हा आचार्य अत्र्यांचा चित्रपट. राष्ट्रपती सुवर्णपदकाचा पहिला मानकरी. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम आजही मनात घर करतात. बोरिवलीत बहीण रडली, मुलुंडला मी रडले. मात्र त्याकडे संस्कारकथा म्हणून पाहण्यापेक्षा कर्जात बुडत चाललेल्या कोकणी घराची कथा म्हणून पाहावं. मग आईचा कडकपणा समजतो. तिच्याकडे स्वाभिमानाखेरीज काही उरलेलंच नसतं.

राजा परांजपे, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके या त्रयीचे चित्रपट पाहताना आमचं घर सर्वात आनंदात होतं. ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) आजही वेगानं चालते. ठराविक मुदतीत लाख रुपये खर्चून दाखवायचे, एवढ्या एका कल्पनेवर सगळा डोलारा, आणि माडगूळकरांचे संवाद त्याला कुठे खाली बसू देत नाहीत. त्यात चमकलेले राजा गोसावी पुण्याच्या भानुविलासमध्ये तिकिटं विकत असत, ही गोष्ट मामांनी आम्हाला अनेकदा ऐकवली आहे. ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) हा मला या सगळ्यांत श्रेष्ठ वाटतो. शहरात भटकणारा साधा माणूस, रस्त्यावर गाणारी आंधळी मुलगी, आणि कुणालाच डोक्यावर छप्पर नाही. सीमा देव यांनी आंधळेपणाचा कुठेही बाऊ केलेला नाही. चॅप्लिनची आठवण येते हे खरं, पण परांजप्यांच्या खांद्यांचं ते किंचित झुकलेपण मराठीच आहे, कारकुनी पेशात आयुष्य गेलेल्या माणसाचं. परांजप्यांचाच ‘पाठलाग’ (१९६४) रहस्य कळल्यावर दुसऱ्यांदा पाहवत नाही. पण पहिल्यांदा पाहणाऱ्याने हिंदी ‘मेरा साया’च्या आधी तो पाहावा. मूळ मराठी आहे, जयंत देवकुळ्यांच्या कादंबरीवरचं, हे पुष्कळ हिंदी रसिकांना माहीत नसतं.

‘गुळाचा गणपती’ (१९५३) बद्दल पार्ले-जोगेश्वरीकडच्या मंडळींना विशेष माया असायला हवी. पु. ल. देशपांडे यांचं बालपण जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत आणि पार्ल्यात गेलं. कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन, प्रमुख भूमिका, सगळं त्यांचंच. चित्रपट म्हणून तो विस्कळीत आहे; प्रसंग सुटे सुटे लक्षात राहतात. पण भोळ्या नारूच्या स्वप्नांत पुढच्या काळातल्या एकपात्री प्रयोगांतला पुलंचा चेहरा उमटू लागलेला दिसतो. त्यानंतर त्यांनी पुन्हा चित्रपट दिग्दर्शित केला नाही, ही मराठी पडद्याची मोठी हानी होय.

आता त्या चित्रपटाकडे येते, ज्याच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. ‘मुंबईचा जावई’, १९७०, दिग्दर्शक राजा ठाकूर. अरुण सरनाईक, शरद तळवलकर. नवी नवरी मुंबईत येते आणि तिला कळतं की सासरचं घर म्हणजे चाळीतली जागा, त्यात माणसं भरलेली, आणि नवरा-बायकोला दोन शब्द बोलायला कोपरा नाही. बासू चटर्जींनी यावरूनच १९७२ मध्ये ‘पिया का घर’ केला. हिंदी आवृत्ती गोड आहे. मराठी चित्रपट मात्र जास्त खरा आहे, कारण त्यातली माणसं त्या जागेला सरावलेली आहेत. सकाळी अंघोळीची पाळी, रात्री अंथरुणांची मांडणी, आल्यागेल्याची सोय: हे सगळं ती हातासरशी करतात, कुरकुर न करता. गैरसोय फक्त नव्या सुनेला दिसते आणि तिच्या डोळ्यांनी आपल्याला.

त्या चाळीमागे एक कायदा उभा आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठवली. भाडेकरूंना आसरा मिळाला, पण भाड्यानं देण्यासाठी नव्या चाळी बांधण्यात कुणाला रस उरला नाही, आणि असलेल्या खोल्या पागडीवर हातोहात जाऊ लागल्या. कुटुंबं वाढली, खोल्या तेवढ्याच राहिल्या. मग गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींत, घाटकोपरच्या पंतनगरात, चेंबूरच्या टिळकनगरात, विक्रोळीच्या कन्नमवारनगरात, पुढे सहकारी सोसायट्यांत माणसं सरकत गेली. ‘मुंबईचा जावई’ नेमका या सरकण्याच्या आदल्या क्षणी उभा आहे. यातली सून आणखी दहा वर्षांनी डोंबिवली, मुलुंड किंवा बोरिवलीच्या गाडीत बसली असणार, असं मला पाहताना सारखं वाटत होतं.

फडक्यांची चाल आणि माडगूळकरांचे शब्द असलेलं, नवऱ्याच्या अबोल्याबद्दलचं एक गाणं यात आशा भोसल्यांनी गायलं आहे. सगळ्यांना पाठ आहे ते. पण रेडिओवर ऐकणं आणि त्या जागी ऐकणं यात फरक आहे. अवतीभवती घरातली माणसं असावीत, आवाज वर जाऊन चालणार नाही, अशा बेतानं आशाबाई ते गायल्या आहेत. स्वर कुठेही फेकलेला नाही. श्वासाच्या अंतरावरच्या माणसाशी बोलावं तेवढाच. मामा एरवी या चर्चांत हिरिरीनं बोलतात, या चित्रपटाच्या रविवारी ते म्हणाले, “आमचं लग्न झालं तेव्हा मी आणि तुझी मामी बोलायला राणीच्या बागेत जायचो.” त्यावर कुणाला पुढे काही सुचलं नाही. मला हा चित्रपट फार मोठा वाटतो. समीक्षकांनी त्याला हलकीफुलकी करमणूक म्हणून बाजूला ठेवलं, तो त्यांचा अन्याय आहे.

आणि जागेचीच गोष्ट अठरा वर्षांनी पुन्हा आली, ती ‘अशी ही बनवाबनवी’च्या रूपात. सप्टेंबर १९८८. मूळ धागा हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’चा, पण वसंत सबनीसांच्या संवादांनी तो अस्सल मराठी झाला. हा चित्रपट आज तुकड्यातुकड्यांत जगतो: मोबाइलवरच्या चित्रफिती, सत्तर रुपयांचा विनोद, लग्नात मित्रांनी एकमेकांना म्हणून दाखवलेले संवाद. भाचीच्या पिढीला तो असाच माहीत. पूर्ण पाहिल्यावर तिला आश्चर्य वाटलं ते गोष्टीच्या बांधणीचं. चार तरुण, घरमालकानं बाहेर काढलेले; नवी मालकीणबाई फक्त जोडप्यांना जागा देणार; म्हणून दोघांनी साड्या नेसायच्या. गंमत आहेच, पण पाया कठीण आहे: एकट्या नोकरदार पुरुषाला शहरात कुणी खोली देत नाही. अशोक सराफांचा धनंजय माने कर्ता भाऊ असल्यासारखा सगळ्यांचा भार उचलतो, म्हणून तो थापा मारत असतानाही आपण त्याच्या बाजूचे राहतो. लक्ष्मीकांत बेर्डे साडीत हसवतात हे सगळे सांगतात. मला सचिनची ‘सुधा’ अधिक अवघड वाटली. त्याने बाईची नक्कल केलेली नाही, तो त्या वेळापुरता बाई झाला आहे.

याच सबनीसांनी ‘सोंगाड्या’ (१९७१) लिहिला, हे लक्षात घेतलं की त्यांचा आवाका दिसतो. दादा कोंडके नायगावच्या गिरणगावातले, आणि गिरणीतून सुटलेल्या माणसाला काय ऐकायचं आहे ते त्यांना नेमकं माहीत होतं. दादरच्या थिएटरात जागा मिळण्यासाठी ‘सोंगाड्या’ला शिवसेनेच्या आंदोलनाची मदत लागली, हा इतिहास मामा डोळ्यांसमोर घडल्यासारखा सांगतात. ‘सोंगाड्या’ आजही निर्मळ वाटतो. त्यापुढचे चित्रपट मात्र आम्ही अर्ध्यावर बंद केले. द्व्यर्थी विनोदाला माझी हरकत नाही, लोकनाट्याची ती परंपराच आहे; पण पुढे पुढे बाईपात्र केवळ विनोदाचं निमित्त बनत गेलं आणि ते घरातल्या हॉलमध्ये सगळ्यांसोबत बसून पाहवत नाही.

‘पिंजरा’ (१९७२) बद्दल एका वाक्यात सांगायचं तर डॉ. श्रीराम लागूंसाठी आणि राम कदमांच्या संगीतासाठी पाहावा. उत्तरार्ध लांबला आहे.

जब्बार पटेल यांच्या चित्रपटांची पाळी आली तेव्हा आमच्या चर्चा लांबल्या. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेलेला ‘सामना’ विजय तेंडुलकरांच्या लेखणीचा आणि दोन नटांचा चित्रपट आहे. निळू फुल्यांचा हिंदुराव दारुड्या मास्तरला घरात आणतो, खाऊपिऊ घालतो, कपडे देतो. आणि तो पाहुणा ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा एकच प्रश्न विचारत राहतो. साखरसम्राटाचा वाडा त्या प्रश्नानं हादरतो. लागू आणि फुले समोरासमोर असताना कॅमेऱ्याला फारसं काही करावं लागत नाही.

‘सिंहासन’ (१९७९) पाहून मामा अस्वस्थ झाले. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरचा हा चित्रपट. सतीश दुभाषींचा कामगारपुढारी डिकास्टा पाहताना त्यांना पंतनगर आठवलं. तिथेच डॉ. दत्ता सामंत दवाखाना चालवायचे, खाणकामगारांच्या दुखण्यांतून त्यांच्या मजुरीपर्यंत पोचले आणि पुढे मुलुंडमधून आमदार झाले. त्यांच्याच नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला जानेवारी १९८२ मध्ये, ‘सिंहासन’नंतर तीनच वर्षांनी. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, तस्कर, पत्रकार आणि संप हे सगळे धागे एकाच शहरात कसे गुंतलेले असतात ते या चित्रपटानं आधीच दाखवून ठेवलं होतं. कृष्णधवल चित्रीकरणानं मंत्रालयाचे जिने आणि झोपडपट्टीच्या वाटा एकाच करड्या रंगात येतात. मराठीत राजकारणावर याहून चांगला चित्रपट झालेला नाही, हे माझं ठाम मत आहे, आणि यावर आमच्यात एकमत झालं.

‘उंबरठा’ (१९८२) हा ‘कुंकू’च्या पंगतीत बसवून पाहावा. शांता निसळांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा. नीराला नको असलेल्या घरात राहून लढायचं होतं. स्मिता पाटीलची सुलभा महाजन सुखवस्तू घर सोडून महिलाश्रम चालवायला जाते, आणि परत येते तेव्हा त्या घरात तिची जागा उरलेली नसते. शेवटी ती आगगाडीत एकटी आहे. बहीण म्हणाली, “तिनं मुलीसाठी तरी थांबायला हवं होतं.” भाची म्हणाली, “नवऱ्याबद्दल हे कुणी म्हणेल का?” आई-मुलींचं ते बोलणं पुढे बराच वेळ चाललं आणि मला वाटतं, चाळीस वर्षांनंतरही एका घरात असा वाद पेटवणारा चित्रपट जुना झालेला नाही.

‘माहेरची साडी’ (१९९१) बहिणीच्या आग्रहानं पाहिला. राजस्थानी ‘बाई चाली सासरिये’वरून विजय कोंडके यांनी केलेला, अलका कुबल यांना घराघरांत पोचवणारा. मला तो सोसवला नाही. छळ सोसणं हेच बाईचं मोठेपण, असं तो अडीच तास सांगत राहतो. ‘कुंकू’नंतर चौपन्न वर्षांनी मराठी सिनेमा बाईच्या बाबतीत इतका मागे गेला होता, याचं दुःख होतं. पण तो पाहायला बायकांच्या झुंडी लोटल्या, त्या उगाच नाही. सासरच्या घरात आपल्याला जागा नाही ही भावना त्या सगळ्यांची होती, आणि दुसरं कुणी ती पडद्यावर मांडत नव्हतं.

नव्वदच्या दशकातल्या आणखी दोन चित्रपटांनी आढावा पुरा करते. संजय सूरकर यांचा ‘चौकट राजा’ (१९९१): दिलीप प्रभावळकरांचा नंदू, वाढलेल्या शरीरातला लहान मुलगा. त्यांच्या हातांच्या हालचाली पाहा. बोटं काही धरायला जातात आणि धरण्याआधी क्षणभर थबकतात. सुलभा देशपांड्यांची आई त्याच्याबरोबरच्या रोजच्या जगण्यात इतकी मुरलेली आहे की तिला पाहून कणव वाटत नाही, आदर वाटतो. आणि जब्बार पटेल यांचा ‘एक होता विदूषक’ (१९९२), पटकथा-संवाद पुलंचे. यातल्या लक्ष्मीकांत बेर्डेंना पाहिल्यावर या नटाकडून मराठी सिनेमानं किती थोडं मागितलं असं वाटत राहतं. साऱ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या आबुरावला स्वतःची मुलगी हसवता येत नाही. त्या प्रसंगांत बेर्डे स्वर चढवत नाहीत, चेहराही जवळजवळ स्थिर ठेवतात. २००४ मध्ये ते गेले तेव्हा पन्नाशीच्या आसपास होते.

एवढं पाहून झाल्यावर एक उणीव मनात राहते. या चित्रपटांत कोल्हापूरकडचा गाव आहे, पुण्याचा वाडा आहे, गिरगावची चाळ आहे, मंत्रालय आहे. आपलं उपनगर मला त्यांत सापडलं नाही. आणि गंमत अशी की सिनेमा तर इथेच तयार होत होता. १९३४ मध्ये बॉम्बे टॉकीज मालाडला उभी राहिली, फिल्मिस्तान गोरेगावला आली, अंधेरी-कुर्ला रस्त्यावर प्रकाश, मोहन, नटराज हे स्टुडिओ होते. ‘मुगल-ए-आझम’चा शीशमहाल अंधेरीतच बांधला गेला. १९७७ मध्ये गोरेगावला चित्रनगरी झाली. आज वर्सोवा-घाटकोपर मेट्रोतून भाची मामांना भेटायला घाटकोपरला जाते तेव्हा त्याच रस्त्यावरून जाते. तरीही मुलुंडचा सहकारी सोसायटीतला पहिला फ्लॅट, गृहकर्जाचे हप्ते, ७ वाजून ५० मिनिटांची गाडी, चाळ सुटल्याचा आनंद आणि शेजार तुटल्याचं दुःख यावर जुन्या काळात मराठीत मोठा चित्रपट झाला नाही. हिंदीत निदान ‘घरोंदा’ (१९७७) झाला: बिल्डरनं फसवलेलं तरुण जोडपं, अमोल पालेकर आणि झरीना वहाब, सोबत डॉ. लागू. लाखो मराठी कुटुंबांनी दोन पिढ्यांत केलेलं हे स्थलांतर आपल्या पडद्यानं पाहिलंच नाही. नव्या दिग्दर्शकांसाठी ती जागा अजून रिकामी आहे.

घरी पाहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगायच्या आहेत. जुन्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौरस असते आणि आपले टीव्ही रुंद. आपोआप पडदा भरायची सोय चालू असली तर चेहरे आडवे पसरतात किंवा वरची-खालची बाजू कापली जाते. दामले-फत्तेलाल मुळात चित्रकार. त्यांची चौकट कापणं म्हणजे चित्र कापणं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चार बाय तीन हा पर्याय निवडा, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. आणि पर्याय असेल तिथे पूर्ण प्रत शोधा. काही ठिकाणी गाणी छाटलेली असतात, तर ‘मुंबईचा जावई’सारख्या चित्रपटातून गाणं काढलं की गोष्टीचाच एक सांधा निखळतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. २००३ च्या जानेवारीत पुण्यात, प्रभातच्याच जुन्या आवारात, नायट्रेटच्या जुन्या फितींना आग लागून अमोल ठेवा जळाला. जे वाचलं ते कुणीतरी जपलं म्हणून वाचलं. उपनगरांतल्या कितीतरी घरांच्या माळ्यांवर जुन्या चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका, पोस्टरं, छायाचित्रं, तिकिटांचे तुकडे पडून आहेत. इमारत पुनर्विकासाला गेली की ते रद्दीत जातात. घर आवरताना असं काही हाताला लागलं तर ते फेकू नका. पुण्याला लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, त्यांना कळवा. आणि या दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या सर्वात वडील आणि सर्वात धाकट्या माणसाला एकत्र बसवून एक जुना मराठी चित्रपट पहिल्या पाटीपासून शेवटापर्यंत पाहा. कुठून सुरुवात करावी असं विचाराल तर माझं उत्तर आहे, ‘मुंबईचा जावई’.